तबेला हलवून ढेकर थांबत नाही

शनिवारी सकाळी अकरा वाजता बेल वाजली. आठवडाभर क्लायंटच्या अमेरिकन वेळेत जागरणं केल्यावर शनिवारी अकरा म्हणजे आमची पहाटच. डोळे चोळत दार उघडलं तर सोसायटीचे सेक्रेटरी काका, हातात फाईल, आणि मागे वरच्या मजल्यावरच्या काकू.

"अरे, इथे सही कर. तबेल्याचं निवेदन आहे, सोमवारी वॉर्ड ऑफिसला द्यायचंय."

आता थोडा भूगोल. मी राहतो गोरेगाव-जोगेश्वरीच्या पट्ट्यात. बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे तबेला. साधारण दोनशे म्हशी असतील. फ्लॅट बघायला आलो होतो तेव्हा ब्रोकरने बेडरूमची खिडकी का उघडली नाही, ते पहिल्या पावसात कळलं :-)

निवेदन वाचलं. वास, माश्या, डास हे सगळं होतंच, आणि ते शंभर टक्के खरं आहे. पण मुद्दा क्रमांक एक वेगळाच होता. 'सदर तबेल्यातील म्हशींमुळे मिथेन हा वायू उत्सर्जित होऊन जागतिक तापमानवाढ होत असल्याने सदर तबेला तातडीने शहराबाहेर हलविण्यात यावा.'

मी म्हटलं, "काका, वासाचा मुद्दा ठेवा, मी आत्ता सही करतो. हा पहिला मुद्दा काढा."

काकू म्हणाल्या, "का रे? कॉलेजात असताना आरेच्या झाडांसाठी रात्रभर रस्त्यावर बसला होतास ना? आता पर्यावरण नको का?"

दारात उभं राहून, चहा न घेता, ह्याचं उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी जे मान्य करायचं ते करून टाकू. म्हशीच्या पोटात मिथेन तयार होतो ही थाप नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठी टाकी असते. आत हवा नाही, ऊब भरपूर, आणि कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा-गवत कुजवत असतात. आपल्याला जे पचत नाही ते म्हशीला पचतं ते ह्यांच्यामुळे. ह्या कामात हायड्रोजन सुटतो, दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजीव तो वापरून मिथेन करतात, आणि म्हैस तो ढेकर देऊन बाहेर सोडते. (हो, ढेकर. दुसऱ्या बाजूने फारच थोडा जातो. ह्यावरचे सगळे विनोद शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहेत.)

किती? आयपीसीसीच्या २००६ सालच्या मार्गदर्शिकेत एका म्हशीमागे वर्षाला ५५ किलो मिथेन धरलाय. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, पण तेवढ्यात भरपूर तापवतो. शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २७ पट, वीस वर्षांच्या हिशोबात सुमारे ८० पट. म्हणजे शंभर वर्षांचा हिशोब धरला तरी एक म्हैस वर्षाला जवळपास दीड टन कार्बन डायॉक्साइडच्या बरोबरीची. आणि २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे आपल्या देशात म्हशी जवळपास ११ कोटी आणि गाईगुरं १९ कोटींच्या वर. तेव्हा 'आपली गाय पवित्र, तिचा वायू पण पवित्र' असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. सूक्ष्मजीव धर्म बघत नाहीत.

'गवतातलाच कार्बन आहे, परत हवेत जातो, त्यात काय एवढं' असंही काही जण सांगतात. बरोबर, पण गवताने घेतला तेव्हा तो कार्बन डायॉक्साइड होता आणि म्हशीने परत दिला तेव्हा मिथेन आहे. उधार शंभर घेऊन परत कितीतरी पट दिल्यासारखं झालं ते.

तर मिथेन खरा आहे. मग मी सही का केली नाही?

कारण निवेदनात मागणी आहे ती 'हलवा' अशी. 'कमी करा' असं त्यात कुठेही नाही. आमच्या कामात एक नग असतो, तो बग दुरुस्त करत नाही, दुसऱ्या टीमच्या मॉड्युलमधे ढकलतो आणि आपल्याकडचं तिकीट बंद करतो. आकडे सुंदर दिसतात. सिस्टिम तेवढीच बिघडलेली राहते. हे निवेदन म्हणजे तेच आहे. वातावरणाला महापालिकेची हद्द नसते. दोनशे म्हशी पालघरला जाऊन रवंथ करायला लागल्या की त्यांचा ढेकर दहिसर टोलनाक्यावर अडवला जात नाही. आणि आपण दूध पिणं काही सोडणार नाही. तेच दूध टँकरमधून, गार करून, शंभर किलोमीटरवरून येणार. म्हणजे म्हशीचा मिथेन आहे तेवढाच, वर डिझेल आणि कूलिंगची वीज.

आणि हा बग आपण एकदा हलवून झालोय! आरे कॉलनी कशासाठी झाली हे किती जणांना माहीत आहे? माझ्याबरोबर २०१९ मधे झाडांसाठी बसलेल्या बहुतेकांना माहीत नव्हतं (मलाही नंतरच कळलं). शहरातले तबेले बाहेर काढायचे म्हणून १९४९ साली आरे मिल्क कॉलनी स्थापन झाली. दारा खुरोडी हे त्यामागचे मुख्य अधिकारी. १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल ह्यांच्याबरोबर मॅगसेसे मिळालं, तेच खुरोडी. ३२ युनिट, सुमारे १६,००० जनावरांची सोय, १९५१ मधे पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. तेव्हा गोरेगाव म्हणजे शहराबाहेर. मग शहर तिथे पोचलं, आरेला वळसा घालून पार पुढे गेलं, आणि तबेले पुन्हा शहराच्या मधोमध आले. मग त्यांना पालघरमधल्या दापचरीला न्यायची योजना निघाली, ती कित्येक वर्षं कागदावरून कागदावर फिरली. उद्या दापचरीच्या शेजारी टॉवर उभे राहतील आणि तिथले सेक्रेटरी काका फाईल घेऊन निघतील. पंचाहत्तर वर्षांत आपण पत्ता बदलायच्या पुढे गेलोच नाही.

आता मुख्य मुद्दा. शहरातली म्हैस आणि गावातली म्हैस ह्यांच्यात तापमानवाढीच्या दृष्टीने खरोखर फरक आहे. पण तो ढेकरात नाही, शेणात आहे. आणि शेणाबद्दल निवेदनात वासापलीकडे एक अक्षर नाही.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यात. तिथे गोठ्यातलं शेण सकाळी हाताने उचललं जातं. थोड्याच्या गोवऱ्या, बाकीचं उकिरड्यावर, आणि पावसाआधी शेतात. ह्या सगळ्यात शेणाला हवा लागते, आणि हवा लागली की मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काही चालत नाही. शहरातल्या तबेल्यात काय होतं? जागा नाही, शेत नाही, गोवऱ्या थापायला भिंत नाही. नळी घ्यायची, जमीन धुवायची, सगळं गटारात. गटारातून नाला, नाल्यातून ओशिवरा नाहीतर मिठी, आणि मग खाडी. शेण पाण्याखाली गेलं, साचलं, हवा तुटली, की म्हशीच्या पोटात जे चाललं होतं तेच बाहेर पुन्हा सुरू होतं.

मी रविवारी बसून हिशोब केला (इंजिनियरला रविवारी दुसरं काय काम). आयपीसीसीची सूत्रं सरळ आहेत. भारतातल्या सरासरी म्हशीच्या वर्षभराच्या शेणातून जास्तीत जास्त ७५ किलोच्या आसपास मिथेन निघू शकतो. आपल्यासारख्या उष्ण हवेत शेण कोरडं ढिगात ठेवलं तर त्यातला ५ टक्के निघतो, म्हणजे चार किलोच्या आत. तेच शेण पाण्याबरोबर उघड्या डबक्यात साचवलं तर ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६० किलो. पुन्हा वाचा. चार आणि साठ. डबक्यात साचलेलं शेण म्हशीच्या तोंडापेक्षा जास्त मिथेन सोडतं. नाला वाहता असेल तर आकडा खाली येतो, तुंबला की वर जातो. आणि आमचा नाला पावसाळ्याचे चार महिने सोडले तर कसा असतो हे खिडकीतून दिसतंच.

ह्यातली चांगली बातमी अशी की म्हशीचा ढेकर थांबवणं अवघड आहे, शेण सावरणं सोपं आहे. त्याला ना नवीन जातीची म्हैस लागते ना परदेशी औषध. धुण्याआधी फावड्याने शेण गोळा करायचं आणि झाकलेल्या टाकीत घालायचं, बस. टाकीतही मिथेनच होतो, पण तो पकडला जातो आणि जाळला की त्याचा कार्बन डायॉक्साइड होतो. ह्यालाच आपल्याकडे गोबरगॅस म्हणतात. आणि ही कल्पना मुंबईला नवीन नाही. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी, लोकल विजेवर धावायच्याही आधी!

दोनशे म्हशींचा हिशोब असा. म्हशीमागे दिवसाला १५ किलो शेण धरा (तबेल्यातली म्हैस ह्याहून जास्तच देते). झालं ३,००० किलो. साधारण २५ किलो शेणाला एक घनमीटर गॅस, म्हणजे १२० घनमीटर. एक घनमीटर म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी एलपीजी. दिवसाला ५० किलोच्या वर, साडेतीन सिलिंडर. महिन्याला शंभरच्या वर. आमच्या सोसायटीत ११२ फ्लॅट आहेत.. पुढचं गणित तुम्हीच करा. प्रत्यक्षात एवढा गॅस निघणार नाही, जागा, देखभाल, गॅस शुद्ध करणं हे सगळं आहे. निम्मा धरा. तरी पन्नास घरांचा स्वयंपाक आज नाल्यातून वाहून जातोय, आणि त्याच नाल्याच्या वासाविरुद्ध आपण सह्या गोळा करतोय.

हे मी तबेल्यातल्या चाचांना विचारलं (दूध मी तिथूनच आणतो). ते मूळचे जौनपूरचे. म्हणाले, "बेटा, गाँव में गोबर के पैसे मिलते हैं, यहाँ गोबर उठवाने के पैसे लगते हैं." अख्खं अर्थशास्त्र एका वाक्यात आलं. नाल्यात सोडणं फुकट आहे म्हणून ते नाल्यात सोडतात. मी त्यांना संत ठरवत नाहीये. नाल्यात शेण सोडणं चूकच आहे आणि त्यासाठी दंड व्हायला हवा. पण उचलून द्यायची सोय शहराने कुठे केलीय?

चाचांकडून दुसरी एक गोष्ट कळली, ती जास्त खटकली. तबेल्यातली म्हैस बहुतेक वेळा हरियाणा किंवा गुजरातमधून नुकती व्यालेली विकत आणतात. आठ-दहा महिने दूध काढायचं. आटली की तिला भाकड पोसायला शहरात जागा आणि चारा परवडत नाही. काही म्हशी परत गावाकडे जातात, पण बऱ्याच थेट कत्तलखान्यात. रेडकाचं काय होतं ते लिहीत नाही, रविवार खराब होईल. ह्यात दयामाया बाजूला ठेवली तरी हवेचा हिशोब बघा. म्हैस पहिल्यांदा विते तेव्हा चारेक वर्षांची असते. ती चार वर्षं ती खाते, ढेकर देते, दूध शून्य. हा झाला फिक्स्ड कॉस्ट. म्हैस पाच वेतं दूध देणार असेल तर हा खर्च पाच वेतांवर विभागला जातो. एका वेतानंतर ती गेली की सगळा त्या एकाच वेतावर. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या कपावर आपण केवढी भाषणं ठोकतो. ही तर एकदाच वापरायची म्हैस आहे. निवेदनात हे नाही, कारण त्याचा वास खिडकीतून येत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा आपल्या सगळ्यांना झोंबणार आहे.

जो मिथेन म्हशीच्या पोटात आणि नाल्यात तयार होतो, तोच कचऱ्याच्या डोंगरात तयार होतो. कृती एकच. ओला कचरा, वर दाबून टाकलेला आणखी कचरा, हवा बंद. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उपग्रहांवरून जगातल्या चार मोठ्या शहरांचे कचराडेपो तपासले होते. त्यात मुंबईचाही एक होता, आणि त्यातून तासाला १० टनांच्या आसपास मिथेन बाहेर पडताना मोजला गेला. तासाला!

आता आरेच्या सगळ्या १६,००० जनावरांची सोय पूर्ण भरलेली आहे असं धरा. ५५ किलोच्या हिशोबाने सगळ्यांचा वर्षभराचा ढेकर ८८० टन. कचऱ्याचा तो एक डोंगर तेवढा मिथेन पावणेचार दिवसांत सोडतो. तबेल्यातली मुऱ्हा म्हैस सरासरीपेक्षा दांडगी असते, भरपूर खाते, म्हणून दीडपट धरा. साडेपाच दिवस. सगळ्यांचं शेण डबक्यात धरा, अजून चार दिवस वाढवा. उरलेले साडेतीनशे दिवस कोणाचे? आपले. उरलेला भात, कापलेल्या भाज्यांची देठं, मागवून अर्धी टाकलेली बिर्याणी.

महापालिकेने २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना, ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलंय. आमच्याकडे त्यासाठी दोन कंपोस्टचे ड्रम आणले होते. पार्किंगमधे आहेत. एकात दिवाळीच्या लायटिंगच्या माळा आहेत, दुसऱ्याला बहुतेक झाकणच नाही. ह्या सोसायटीने म्हशीला मिथेनवरून बाहेर काढायचं निवेदन द्यावं?

मला माहितीय, कोणीतरी म्हणणार, 'मग काय कायम वास सहन करायचा?' अजिबात नाही. वास, डास, घाण ह्या खऱ्या तक्रारी आहेत, त्यांच्यासाठी भांडा, मी पहिली सही करतो. पण त्यावर हवामानबदलाचा शर्ट चढवू नका. दुसरं कोणी म्हणेल, 'शहराबाहेर जागा असते, शेत असतं, तिथे शेण शेतात जाईल.' हे मात्र बरोबर आहे, आणि हलवण्याच्या बाजूचा हा एकच प्रामाणिक मुद्दा आहे. पण तो खरा तेव्हाच, जेव्हा म्हशी शेतांच्या शेजारी थोड्या थोड्या विखरून ठेवल्या जातील. हजारो म्हशी एका जागी शेडमधे कोंबून शेजारी शेणाचं तळं केलं, तर चार किलोचे साठ तिथेही होणारच. आणि तिसरे, जे दूधच सोडा म्हणतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांचं गणित चोख आहे. पण ते स्वतः सोडतात आणि मग सांगतात. आपण पनीर टिक्का खात सही करतोय.

२०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत १०० हून जास्त देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी कमी करायच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. भारताने केली नाही. लहान शेतकऱ्याची दोन जनावरं आणि भाताची खाचरं, ह्यावर त्याचा भार पडेल ही भीती त्यामागे होती. ती मला पटते. पण दोन म्हशींच्या शेतकऱ्याच्या आडून शहराने आपली शेणाची गटारं आणि कचऱ्याचे डोंगर लपवू नयेत. तिथे कोणाचंही पोट मारावं लागत नाही, उलट गॅस मिळतो.

म्हणून काल रात्री मी दुसरं निवेदन लिहिलं. चार ओळींचं. एक, तबेल्यातलं शेण नाल्यात सोडणं बंद, आणि ते रोज उचलायची सोय महापालिकेने करावी. दोन, तबेल्याच्या जागेत गोबरगॅसची टाकी, आमच्या सोसायटीचा ओला कचराही त्यात, खर्चात आमचाही वाटा. तीन, भाकड म्हशी परत गाभण जाईपर्यंत सांभाळायला शहराबाहेर सरकारी जागा. चार, तबेला हलवायचाच असेल तर नव्या जागी ह्या तिन्ही गोष्टी आधी, म्हशी नंतर.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. सेक्रेटरी काकांनी अंगठा दाखवला, पण 'खर्चात आमचाही वाटा' ह्यावर लगेच तीन प्रश्न आले. आत्तापर्यंत सह्या सहा. त्यातली एक काकूंची आहे, म्हणजे आशेला जागा आहे. काकांच्या निवेदनावर एकाहत्तर.

असो. चाचांकडे दूध आणायला जायचंय. तुमच्या मागे तबेला नसेल तर तुमच्या सोसायटीतल्या कंपोस्टच्या ड्रमचं झाकण एकदा उघडून बघा, आणि आत काय सापडलं ते कळवा.